नुसतं पाणी

मी बाटली बोलतेय. सायकलच्या दांडीवरच्या जाळीत बसणारी, राखाडी अंगाची, चोचीसारखं तोंड असलेली. आज मला पहिल्यांदा काही खटकलं, ते अंगठीचं.

माझी मालकीण मला उचलते तेव्हा तिच्या बोटातली सैल अंगठी माझ्या खांद्यावर टक् करून आपटते. कुणी दार वाजवून आत यावं तसा तो आवाज मला वाटतो. आज चढाच्या आधीच्या वळणावर तिनं मला उचललं आणि टक् झालंच नाही. बोटं आली ती फुगलेली. अंगठी मांसात रुतून बसली होती. मी दचकले. मालकिणीनं मात्र अंगठीकडे पाहिलंही नाही. दातांनी चोच ओढून ती घटाघटा पाणी प्यायली आणि तिनं मला परत जाळीत खुपसलं.

काही नसेल, मी स्वतःला समजावलं, तू उगाच घाबरतेस. पण मी घाबरते खरी. जन्मच तसा झालाय माझा.

प्लॅस्टिकचे दाणे वितळवतात, त्यांची कढत नळी करतात आणि तिच्यात एकदम फुंकर मारतात. त्या फुंकरीनं मी फुगले आणि जाऊन साच्याच्या भिंतीला चिकटले. कुठे आहे हे कळायच्या आत एका बाईनं मला दोन्ही हातांनी करकचून दाबलं, कानाशी नेऊन हवा सुटतेय का ते ऐकलं आणि खोक्यात भिरकावलं. ज्याच्या आयुष्याची सुरुवात अशी होते, त्यानं दचकू नये तर काय करावं?

पुढे सायकलच्या दुकानात मी एका पांढऱ्या बाटलीशेजारी टांगलेली होते. एके दिवशी दोन बहिणी आल्या, त्या बोलाचाली करतच आल्या.

"एक पुरे आहे गं," धाकटी म्हणाली.

"दोन घे. एकीत पाणी, एकीत दुसरं काहीतरी," थोरली म्हणाली.

"दुसरं काय?"

"ते बघू आपण. पण दिवसभर चालवायची म्हणजे नुसत्या पाण्यावर भागत नाही. पाण्यावर पाणचक्की चालते, माणूस नाही."

"ताई बरोबर बोलतायत," दुकानदारानं मध्येच तोंड घातलं.

"ती नेहमीच बरोबर बोलते," धाकटी म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

अशी मी धाकटीकडे आले. पांढरी पाण्यासाठी आणि मी त्या 'दुसऱ्या काहीतरी'साठी. दोघींची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आई गेल्यापासून त्या दोघीच राहायच्या. ताई बेकरीत कामाला होती, पहाटेच जायची. धाकटी कॉलेज शिकलेली. एका विमा कंपनीच्या कचेरीत कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची. मागून कुणी खुर्ची सरकवली तरी ती उडायची. म्हणून ताई तिला ससुल्या म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मात्र दोघी सायकली काढून लांब लांब जायच्या, आणि सायकलवर बसली की ससुल्याची मान जरा ताठ व्हायची.

ते 'दुसरं काहीतरी' सापडेपर्यंत माझे जे हाल झाले ते सांगायलाच हवेत. पहिल्यांदा आली संत्र्याच्या चवीची पावडर. धाकटीनं ती डबल घातली, जास्त ताकद यावी म्हणून. अर्ध्या चढावर तिच्या पोटात असा काही गोंधळ उडाला की दोघींना एका अनोळखी घराचं दार वाजवून संडास कुठे आहे ते विचारावं लागलं. मी घरी येऊन चिकट अंगानं पडून राहिले आणि सकाळी माझ्यात मुंग्यांची वसाहत झाली होती. मग थंड कॉफी. त्या कॉफीनं धाकटीचे हात असे थरथरले की ब्रेक दाबताना घंटी वाजायची. मग बुडबुड्यांचं गोड पेय. खडबडीत रस्त्यावर ते माझ्यात इतकं उसळलं की तिनं चोच उघडताच सगळं चष्म्यावर. ताई हसता हसता सायकलवरून उतरून कठड्यावर बसली. "अगं, प्यायचं असतं ते," ती म्हणाली, "डोळ्यांत नाही घालायचं." सफरचंदाचा रस तर दोघी माझ्यात विसरूनच गेल्या. तो आंबला आणि मी टम्म फुगले. ताईनं मला बाल्कनीत नेऊन, हात लांब करून, तोंड फिरवून उघडलं, जसा काही मी बाँबच.

शेवटी ताईनं स्वतः बनवलं. पाणी, साखर, मीठ आणि लिंबू. पहिल्यांदा मीठ इतकं झालं की धाकटीनं ते सिंकमध्ये थुंकलं. दुसऱ्यांदा लिंबाची बी माझ्या चोचीत अडकली आणि धाकटी गालफडं आत ओढून ओढून दमली. मग ताई रस गाळून घ्यायला लागली. बेकरीतली बाई ती, चिमटीतलं मीठसुद्धा वजनकाट्यावर ठेवून बघायची. आणि निघायच्या आधी दोन थेंब धाकटीच्या तळहातावर.

"जीभ लाव. खारट लागतंय?"

"हो."

"मग चुकलं. मीठ आहे एवढं कळलं पाहिजे, तोंड वाकडं व्हायला नको." आणि परत थोडं पाणी. "घामातून जेवढं मीठ जातं तेवढं आत जायला नको का? बघ तुझ्या हेल्मेटच्या पट्ट्यावर कसे पांढरे डाग पडतात ते."

"बरं बाई, कळलं."

ते मिश्रण पोटात घेऊन मी कुठे कुठे हिंडले. शेजारच्या जाळीत पांढरी, पुढे ताईची सायकल, मागे आम्ही. मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा निवांत वाटलं. तो निवांतपणा फार टिकला नाही.

ताईला दुसऱ्या गावच्या बेकरीत बोलावलं. तिकडे भट्टी मोठी, तिच्या हाताखाली माणसं. ती बॅग भरत होती आणि धाकटी खिडकीपाशी उभी होती.

"महिन्या-दोन महिन्यांनी येईनच की गं," ताई म्हणाली.

"ये नाहीतर नको येऊ. माझं काय अडलंय?"

"बाटली तरी भरता येईल का तुला?" ताई हसतच म्हणाली. चिडवायलाच म्हणाली ती, मी तिथेच ओट्यावर होते.

"पाणी भरायला कसली अक्कल लागते?" धाकटी म्हणाली. "आणि पाणीच भरणार आहे मी. नुसतं पाणी. तुझं ते मिठाचं प्रकरण मला कधीच आवडलं नव्हतं."

ताई बॅगेवर वाकली. बॅगेची चेन लावायला तिला फार वेळ लागला. तिची स्वतःची बाटली तडकली होती, म्हणून जाताना पांढरी तिच्याबरोबर गेली. मला कुणी विचारलं नाही. बाटल्यांना कोण विचारतं?

त्यानंतर माझ्या शेजारची जाळी रिकामी राहिली. ताईचे फोन यायचे. धाकटी फोनकडे बघत राहायची आणि तो वाजून थांबला की उपडा ठेवायची. मग 'कामात होते' असा एक संदेश. दिवसभर परक्यांचे फोन उचलणारी पोरगी घरी सख्ख्या बहिणीचा उचलत नव्हती. उचलला असता तर रडली असती, एवढंच कारण होतं. ते तिला ठाऊक होतं आणि मला. हळूहळू ताईचे फोन विरळ झाले. मग यायचे थांबले.

खोलीत एका ताटाचा आवाज तुम्ही कधी ऐकलाय? दोन ताटं असली की ती एकमेकांवर खणखणतात. एक ताट नुसतं ठेवलं जातं.

आणि मग तिनं ठरवलं, दोनशे किलोमीटर एकटीनं करायचे. कुणाला दाखवायचं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतंच कोण?

आज सकाळी तिनं मला नळाखाली धरलं. नुसतं पाणी. खिशात दोन केळी घेतली. पहिलं खाल्लं, दुसरं एका खड्ड्यात उसळून रस्त्यावर पडलं. हवा गार आणि ढगाळ होती. तहान लागावी असं काही नव्हतं. पण ससुल्याची एक खोड आहे, ती ताई बरोबर असताना दिसायची नाही. दचकली की ती घोट घेते. ट्रक जवळून गेला, घोट. कुत्रं भुंकलं, घोट. आडरस्त्यावर मागून मोटारसायकल आली आणि बराच वेळ पुढे जाईना, तेव्हा तर तिनं मला हातातून सोडलंच नाही. कुठेतरी तिनं वाचलंही होतं की तहान लागायच्या आधी प्यावं. म्हणजे आपण करतोय ते शहाणपणाचं, अशी तिची खात्री. पेट्रोल पंपावर मला भरलं, शाळेच्या भिंतीजवळच्या नळावर भरलं, गाड्या धुणाऱ्याकडून भरून घेतलं.

"किती पिताय मॅडम," तो पाइप धरून म्हणाला. "गाडीचा रेडिएटर बरा."

ती कसनुसं हसली.

मग अंगठी रुतली. मग डोकं दुखायला लागलं, कारण ती एका हातानं सारखं कपाळ दाबत होती. मग मळमळ. आता हे सगळं जिला होतं ती काय म्हणेल? पाणी कमी पडतंय. तिनंही तेच म्हटलं, अगदी मोठ्यानं. "पाणी कमी पडतंय माझं." आणि मला उचललं.

मला समजत होतं. समजणारच ना. इतके दिवस ते मिश्रण मी पोटात बाळगलं होतं. घामातून मीठ चाललंय, वरून नुसतं पाणी ओततेय, आतलं उरलंसुरलं मीठही पातळ होतंय. तिला बरं वाटत नव्हतं ते माझ्यामुळे, आणि बरं वाटावं म्हणून ती मलाच तोंडाला लावत होती. आम्हा बाटल्यांना स्वतःचं असं काही नसतं. तुम्ही भराल ते आम्ही देतो. द्यायचं थांबवण्याची सोय आमच्यात केलेली नाही. पुरे कर गं, मी म्हणत होते, पुरे कर. पण माझ्या चोचीतून शब्द येत नाहीत, पाणी येतं.

चढ संपला तिथे बसथांबा आहे. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक, माणूस एकही नाही. तिनं सायकल उभी करायचा प्रयत्न केला, ती आडवी पडली, मी जाळीतून निसटता निसटता राहिले. ती बाकामागे जाऊन ओकली. सगळं पाणीच. परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला होता. समोरच्या पाटीवर गावाचं नाव होतं. ते ती पुन्हा पुन्हा वाचत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

मग तिनं फोन काढला.

कुणाला लावेल? कचेरीतल्या कुणाचा नंबर तिच्याकडे नाही. घरमालक गावाला गेलाय. फुगलेल्या अंगठ्यानं दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ताईचं नाव लागलं. कानाशी धरून ठेवण्याइतका हातात जोर नव्हता, म्हणून तिनं फोन बाकावर ठेवला, आवाज मोठा करून.

वाजला. वाजत राहिला. बंद झाला.

"नाही उचलणार," ती म्हणाली. कुणाला म्हणाली? तिथे मीच होते. "मी तरी कुठे उचलला."

परत लावला. परत तसंच. मला ती लांबची बेकरी दिसायला लागली, जी मी कधी पाहिली नाही. पीठ मळायचं मोठं यंत्र घरघरतंय, ताईचे हात कोपरापर्यंत पिठात, फोन कुठल्यातरी फळीवर. किंवा फोन समोरच आहे आणि ती बघतेय. बघत राहून उपडा ठेवतेय. तेही होऊ शकतं. तसं झालं तर तिला नावं ठेवायला मला तोंड नाही.

ससुल्या तिसऱ्यांदा फोन लावून वाकली आणि तिनं पडल्या सायकलवरून मला ओढून काढलं. मी अर्धी भरलेली होते. तिनं चोच दातांत धरली, ती उघडेना, म्हणून ती माझं झाकणच फिरवायला लागली. दात आवळून मी झाकण धरून ठेवलं, असं म्हणायला मला आवडेल. पण झाकण निघालं. आणि तेवढ्यात तिच्या बोटांतून मी सुटले. त्या बोटांना काही पकडता येत नव्हतं, एवढंच. बाकाच्या कडेवर आपटले, सिमेंटवरून घरंगळले आणि नाल्याच्या काठाशी गवतात आडवी पडले. पाणी गुळगुळ करत माझ्यातून गेलं. रिकामं होताना मला आजवर नेहमी भीती वाटायची. आज नाही वाटली.

ती माझ्याकडे बघत होती. उठून यायचं तिला सुचत नव्हतं, आणि मी मनात म्हटलं, नको येऊस. बस तिथेच.

आता मी इथे पडलेय. तोंड उघडं आहे आणि आत वारा शिरतोय. मला उचललं नाही तरी चालेल. गाडी आली, चाकाखाली गेले, तरी चालेल. माझं एकच मागणं आहे, आणि ते तिकडे लांब, जिच्या हातांना पीठ लागलंय तिच्याकडे आहे. ताई, रागव हवं तर, नंतर चार दिवस बोलू नकोस. पण उचल.

बाकावर फोन वाजतोय. वाजतोय. मग वाजायचा थांबला, आणि मी दचकले, कारण तो बंद झाला नव्हता. पलीकडून घरघर येत होती, जड, सलग, यंत्राची. आणि त्या घरघरीतच एक आवाज, कुणावर तरी ओरडलेला.

"बंद करा ते. बंद करा आधी."

यंत्र थांबलं. सगळं शांत झालं.

"बोल, ससुल्या," ताई म्हणाली. "ऐकतेय मी."