न दुखणारा दात

प्रियदर्शनी नववीत होती. पुढचे दात वेडेवाकडे, म्हणून आष्ट्याहून दर महिन्याला ती आई लीलाबाईंबरोबर एसटीनं सांगलीला जायची. डॉक्टर जयराज दातांच्या तारा आवळायचे. आवळल्यावर दोन दिवस तिला भाकरी चावता यायची नाही. लीलाबाई दुधात कुस्करून द्यायच्या.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी लेसरचं मशीन आणलं. पेनासारखी नळी, टोकाला लाल उजेड. हिरवा चष्मा घालून प्रियदर्शनी खुर्चीत पडायची आणि डॉक्टर हिरडीवर तो उजेड धरायचे. ना सुई, ना चटका. त्याच संध्याकाळी ती भाकरी खायला लागली.

"दुखणं कमी, आणि दातही लवकर सरकतील," डॉक्टर म्हणाले. "दिवाळीपर्यंत तारा काढू."

ऑगस्टमध्ये खालच्या उजव्या दाढेत ठणका सुरू झाला. या वेळी तारा आवळून तीन आठवडे झाले होते. तिनं तसं सांगितलं. डॉक्टरांनी तिथं उजेड जरा जास्त वेळ धरला. ठणका थांबला. पुढच्या खेपेलाही तेच झालं.

एकदा शाळेत डबा खाताना वर्गातली पायल म्हणाली, "अगं, तुझ्या ओठातनं रक्त येतंय." प्रियदर्शनीनं बोट लावून बघितलं. ओठ चावला गेला होता, तिला कळलंच नव्हतं. घरी तिनं सांगितलं नाही. दिवाळी महिन्यावर आली होती.

पण चहा पिताना तो हनुवटीवरून ओघळला आणि ती तशीच बसून राहिली, ते वडिलांनी बघितलं. नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे.

"पोरी, चहा सांडतोय."

तिनं उलट्या हातानं पुसलं, तेही चुकीच्या बाजूला. नाथाजींनी तिला जवळ घेतलं आणि अंगठ्यानं जबडा चाचपला. दाढेखालचं हाड किंचित आत गेलं. अंड्याचं कवच दाबावं तसं काहीतरी अंगठ्याखाली करकरलं.

"दुखतंय का गं?"

"न्हाई, आबा. कायच लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन सांगलीला गेले. डॉक्टरांनी हिरडी बघितली. म्हणाले, "सूज आहे. उजेडाची दोन-तीन सत्रं देतो."

"नवा एक्स-रे काढा."

"सुरुवातीला काढलाय की."

"त्याला दोन वर्सं झाली, डॉक्टर."

डॉक्टरांनी नळी हातात घेतली होती. नाथाजींनी मुलीचा चष्मा उतरवला आणि तिला खुर्चीतून उठवलं.

साताऱ्यात त्यांचा पलटणीतला दोस्त कपिल एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्यानं फिल्म उजेडासमोर धरली. उजव्या जबड्यात हाड असायला हवं तिथं लिंबाएवढी काळी पोकळी होती. कडेला हाडाची नुसती रेघ उरली होती.

"नाथाजी, हिला आता एसटीनं माघारी नेऊ नको," तो म्हणाला. "एक धक्का बसला तरी जबडा मोडंल."

तिथल्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ही हाड पोखरणारी गाठ आहे, ती काढता येईल असं सांगितलं. मग मुलीला विचारलं, "इतके दिवस दुखलं नाही?"

"दुखायचं. लाईट लावली की थांबायचं."

गाठ काढली. कर्करोग नव्हता. चार दात गेले, जबडा वाचला. खालच्या ओठाचा अर्धा भाग मात्र बधिर तो बधिरच राहिला.

महिन्यानं नाथाजी फिल्म घेऊन सांगलीला गेले. डॉक्टर ती बघून खाली बसले.

"लेसरनं गाठ होत नाही," ते हळू म्हणाले.

"ठावं हाय मला. पोरगी दुखतंय म्हणत हुती. तुमी ते गप केलं. आमालाबी बरं वाटलं, आमीबी इचारलं न्हाई."

डॉक्टरांनी वही काढली. लेसर लावलेली आणखी अकरा मुलं होती. नाथाजी समोर बसून राहिले, तोवर डॉक्टरांनी अकरा पोस्टकार्डं लिहिली : ताबडतोब नवा एक्स-रे काढायला या. ती नाथाजींनी स्वतः पेटीत टाकली.

दहा जण आले. दहाही एक्स-रे स्वच्छ निघाले. अकरावं कार्ड कोयनानगरच्या एका मुलीचं, ते तिथून परत आलं. त्या मुलीनंही खालची दाढ ठणकते असं दोनदा सांगितलं होतं, तशी नोंद वहीत होती.

नाथाजी घाटातून कोयनानगरला गेले. वसाहतीतल्या त्या क्वार्टरला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "बदली झाली त्यांची. कुठं ते सांगून न्हाई गेली."

"पोरगी कशी हुती?"

"बरी हुती की. आधी लय रडायची दातानं," बाई म्हणाली. "आता कायच दुखत न्हाई म्हणायची."