आंबेकर आणि कदम यांच्यामधली जागा

“चेंज करून टाक रे. पाठच्या यादीत कोण बघतंय? आणि तिला तरी कुठं कळणार हाय?”

हे माझ्याबद्दल चाललं होतं. पडवीत सासू, सासरे आणि नवरा अशी तिघं बसली होती, आणि जिला कळणार नव्हतं ती भिंतीपलीकडे भाकरी थापत होती. तिच्या हाताची एक थाप चुकली. मग हात पुन्हा पहिल्यासारखा चालू लागला.

मी एक नोंद. तुम्ही मला बहुतेक पाहिलं नसेल. लेख संपला की जाणकार माणसंही पान मिटतात, आणि आमची वस्ती तर तिथूनच सुरू होते. तिला संदर्भसूची म्हणतात. मी एका ओळीची, फार तर दीड. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव, कंसात साल, तिरप्या अक्षरांत शीर्षक, शेवटी पूर्णविराम. माझा एक धाकटा भाऊ आहे. तो लेखाच्या आत, कंसात राहतो. त्याच्याजवळ फक्त आडनाव आणि साल. वाक्य संपता संपता तो हळूच सांगतो, हे अमक्याचं आहे, खात्री करायची तर पाठीमागे माझ्या बहिणीकडे जा. त्यानं बोट दाखवायचं आणि मी दार उघडायचं, एवढंच आमचं काम.

माझं मूळ पोलादपूरच्या डोंगरातलं, उतेकरवाडीचं. निशिगंधा रावजी उतेकर तेव्हा भूगोल घेऊन एम. ए. करत होती. सात वाड्यांचे पाणवठे तिनं पायी फिरून लिहून काढले. कुठला झरा होळीला आटतो, कुठला मृगापर्यंत टिकतो, कुणाला काय म्हणतात, सगळं तिथल्या बायांना विचारून. सर्वांत जास्त सांगितलं प्रयागबाई उतेकरांनी.

प्रयागबाईंना वाचता येत नव्हतं. तरी म्हणाल्या, “लिवलंस काय माझं नाव? दाव.”

निशिगंधानं वही पुढं केली.

“यात उतेकर कुठलं?”

तिनं त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. प्रयागबाईंनी ते जरा वेळ तिथंच राहू दिलं, मग शाई लागल्यासारखं पदराला पुसलं. “असू दे गो. मी गेल्यावर कोण इचारत आला, तर गावंल.”

प्रबंध २०२२ साली पुरा झाला. काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. एक प्रत महाडच्या एका कॉलेजातल्या कपाटात गेली, एक रावजींनी घरी देवांच्या फळीखाली ठेवली. प्रयागबाई मागच्या पावसाळ्यात गेल्या.

यंदा निशिगंधाचं लग्न झालं. मुलगा नात्याचा, म्हणजे नाते गावचा, विनीत सकपाळ. महाडला भूगोलच शिकवतो. लग्नात ताटातल्या तांदळावर त्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं: ऋतिका. सगळ्यांनी वाकून वाचलं आणि ताट उचललं गेलं. त्या तांदळाचा पुढं भात झाला असावा. या घरात काही वाया जात नाही.

विनीत वाईट माणूस नाही, हे मला सांगितलं पाहिजे. झऱ्यांवरचा लेख लिहायला बसला, बायकोचा प्रबंध वाचला, आणि जिथं जिथं तिचं काही घेतलं तिथं तिथं माझ्या भावाला उभं केलं. नऊ वेळा. पाठीमागे मला नीट बसवलं: ‘उतेकर, निशिगंधा रावजी (२०२२)’. वर आंबेकर, खाली कदम. शेजार चांगला होता.

मग छापलेला कच्चा लेख त्यानं कौतुकानं वडिलांच्या हातात दिला. महिपत सकपाळ मुंबईला अठरा वर्षं कंपनीत काढून आलेले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“हा उतेकर कोण रे? सारखा मधी येतोय.”

“ऋतिकाच ती, आबा. लग्नाआधीची.”

“मग आपलं नाव का नाय? चार महिने झाले लग्नाला. लोक म्हणतील, सून अजून माहेरचंच मिरवते.”

“चांगल्या कामाला घराचं नाव लागू दे की,” बनुबाई म्हणाल्या. “त्यात तिचाच मान हाय.”

“पण आई, प्रबंधावर ते जुनंच...”

तेव्हा आबांनी ते वाक्य टाकलं, जे भिंतीपलीकडे ऐकू गेलं.

एकेक नाव खोडायला वेळ कुणाला आहे? संगणकात एका चौकोनात जुना शब्द लिहितात, दुसऱ्यात नवा, आणि बटण दाबतात. विनीतनं ‘उतेकर’च्या जागी ‘सकपाळ’ लिहून दाबलं. पडद्यावर आलं, चौतीस ठिकाणी बदल केला. भाऊ नऊ आणि मी एक, मिळून दहा. उरलेले चोवीस कोण, हे त्यानं विचारलं नाही. मला हातानं ‘ऋतिका विनीत’ लावलं आणि कॉलेजला गेला.

मला तेव्हापासून चैन नाही. २०२२ साली ऋतिका सकपाळ नावाची बाई जगात नव्हती. कोणी माझ्या भरवशावर त्या कपाटापाशी गेला तर रिकामा परत येईल. मी दार म्हणून उभी आहे आणि मागे भिंत आहे.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. जिच्यापासून लपवायचं, तिलाच ते आवरायला देतात. संध्याकाळी विनीत म्हणाला, “ऋतिका, यादी तेवढी बघशील? स्वल्पविराम, टिंबं. तुझी नजर बारीक आहे. उद्या दुपारी पाठवायचाय.”

ती “बरं” म्हणाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची कामं उरकून ती बसली आणि वर्णक्रमानं उतरू लागली. आंबेकर. मग सकपाळ. मग कदम. थांबली. ‘स’ तिथं कसा? नाव बदललं होतं, पण मला हलवायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी नव्या नावानं जुन्याच जागी उभी होते.

मला वाटलं, आता रडेल. ती नुसती वर सरकत गेली, लेखाच्या आत. तिथं ‘प्रयागबाई सकपाळ यांच्या सांगण्यानुसार’ असं लिहिलेलं होतं. खाली ‘सकपाळवाडीच्या वरच्या अंगाचा झरा’. परत प्रयागबाई सकपाळ. तिनं बोट पडद्यावर ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. मुलाखत देणाऱ्यांना आमच्या यादीत जागा नसते. प्रयागबाईंना कागदावर तेवढंच घर होतं.

गुपचूप दुरुस्त करणं तिला जमतं. आमटीतलं मीठ, आबांच्या सदऱ्याचं बटण, चार महिन्यांत बरंच काही तिनं न बोलता सरळ केलंय. आताही दहा मिनिटांचं काम होतं. मला भीती वाटली ती हीच, की ती तेवढंच करेल, आणि पाठवण्याआधी कोणीतरी पुन्हा बटण दाबेल. तिनं हात उचलून मांडीवर ठेवले.

वाचणाऱ्यांनो, कंसात एखादं आडनाव दिसलं तर कधीतरी पाठीमागे या. आमच्याकडे फारसं कोणी येत नाही, म्हणूनच आमच्याशी कोणी काहीही करतं. आत्ता मी अशी आहे: चुकीच्या नावाची, बरोबर जागेवरची, पाठवायला तासभर उरलेली.

ती लॅपटॉप घेऊन पडवीत आली. तिघं चहा घेत होती.

“झालं काय गो?” बनुबाईंनी विचारलं.

तिनं फक्त वाचून दाखवलं. “सकपाळवाडीतील प्रयागबाई सकपाळ सांगतात...”

“ही कुठली सकपाळवाडी?” आबा म्हणाले. “त्या डोंगरात आपली वाडीच नाय.”

विनीतचा कप तोंडापाशी थांबला. बाकीचे चोवीस कोण, ते त्याला तेव्हा कळलं.

“एका सुनेचं नाव बदलायला गेलात, आबा,” ती म्हणाली, “आणि अख्खी वाडी नांदायला आणलीत. त्यांना घरी पाठवा. मी राहते इथं. ऋतिका म्हणून हाक मारा, ओ देईन. पण हे काम निशिगंधा उतेकरनं केलंय, ते तिच्याच नावानं जाऊ दे. प्रयागबाई काय बघायला येणार नायत. पण त्यांना इचारत कोण आला, तर त्या गावल्या पायजेत.”