लहरीवाले महाराज

ग्रामपंचायतीसमोरच्या पिंपळाच्या पारावर भोजराज महाराज डोळे मिटून बसले होते आणि अर्धा गाव मोबाईल ओंजळीत धरून समोर उभा होता. महाराजांनी झोळीत हात घातला, आत बराच वेळ चाचपलं, अंगाऱ्याची चिमूट काढून हवेत फुंकली आणि म्हणाले, "आता लावा."

लोकांनी लावलं. आठवडाभर पुन्हा पुन्हा 'पासवर्ड चुकीचा' म्हणणारं पंचायतीचं वाय-फाय एकेका फोनला लागू लागलं. बायांनी हात जोडले. पाराखालच्या टोपलीत तांदूळ पडू लागले.

चंद्रकुमार रहांगडाले गुरुजी गर्दीच्या मागे सायकल धरून उभे होते. हायस्कुलात विज्ञान शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. पेटणारा नारळ, लिंबातलं रक्त, सगळ्यांची पोल त्यांनी गावोगाव खोलून दाखवली होती. गाव टाळ्या वाजवी आणि पुढच्या बाबाच्या पाया पडे. आता बोलण्याचाही कंटाळा आला होता. त्यांनी सायकल घराकडे वळवली.

नवेगाव बांधच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या या गावात मोबाईलची रेंज नव्हती. धानविक्रीची नोंदणी असो की पोरांचे अर्ज, सगळं पारावर बसून, पंचायतीच्या वाय-फायवर व्हायचं. महाराज पारावर उतरले त्याच सुमारास ते बिघडलं होतं, पण याची कोणाला आठवण नव्हती. अंगाऱ्याचा गुण घटकाभर टिके. पुन्हा सगळे फोन अडत. मग महाराज सांगत, "लहरी देवाच्या हायेत, माय. कोणाची वाईट सावली आडवी पडली का वापस फिरतात. मी उतारा देतो, पन याचं मूळ तुमच्या गावातच हाय." एवढं बोलून ते चमेलीबाईकडे बघत.

चमेलीबाई उइके विधवा होत्या. पाराच्या कडेला वर्षानुवर्षं शिंगाडे विकत बसायच्या. त्या दिवशी कोणीतरी त्यांची टोपली लाथाडली होती. सरपंच उदाराम त्यांना समजावत होते की, बाई, काही दिवस गावाबाहेर भावाकडे जा, लोक तुमची करणी हाय म्हणून राहिले. त्या चिखलातले शिंगाडे वेचत होत्या. गुरुजींची सायकल जवळ आली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"गुरुजी, माह्याजवळ त फोनबी नाही. मी कायले कोणाचं अडवीन?"

गुरुजी थांबले. उत्तर द्यायला सोपं होतं, पण द्यायचं कोणाला? त्यांनी सायकल पंचायतीच्या भिंतीला लावली.

आत संगणकावर काम करणारी रीना वैतागलेली होती. पासवर्ड तोच होता. राउटर बंद-चालू करून झाला होता. ती म्हणाली की, कचेरीत बसलं तर सगळं नीट चालतं, पारावर गेलं की अडतं. गुरुजींना तिथंच खटकलं. पासवर्ड चुकीचा असता तर सगळीकडेच चुकला असता. त्यांनी आपला फोन कचेरीत जोडला, जुळला. पारावर नेला तर 'पासवर्ड चुकीचा'. जुनी जोडणी पुसून नव्यानं टाकली, तरी तेच. मग कचेरीत येऊन त्यांनी आसपासच्या लहरींचा जोर दाखवणारं एक ॲप उतरवलं. पडद्यावर पंचायतीच्या नावाची एक नाही, दोन वाय-फाय दिसत होती. एकाचा जोर कचेरीत होता. दुसऱ्याचा, ते चालत गेले तसा पाराकडे वाढत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गर्दी जमली आणि फोन अडले, तेव्हा त्यांनी चमेलीबाईंना थेट तलावापर्यंत चालत जायला सांगितलं. फोन अडलेलेच राहिले. मग गुरुजी फोन हातात धरून चालू लागले आणि महाराजांच्या झोळीपाशी थांबले.

"उदारामभाऊ, झोळी उघडा."

महाराज देवाच्या कोपाचं काही बोलू लागले, पण सरपंचांनी झोळी ओढलीच. अंगाऱ्याच्या पुडीखाली एक जुना मोबाईल होता, चार्जिंगच्या डब्याला जोडलेला, हॉटस्पॉट चालू. त्याला नाव पंचायतीचं दिलं होतं, पासवर्ड मात्र वेगळा.

गुरुजींनी सावकाश सांगितलं. फोन माणूस ओळखत नाही, नाव ओळखतो. एकाच नावाची दोन वाय-फाय असली की सहसा जास्त जोराचं पकडतो. आपण पंचायतीचा पासवर्ड देतो, झोळीतलं वाय-फाय तो नाकारतं. महाराज झोळीत हात घालून ते बंद करतात, मग फोन खऱ्याकडे जातो. मग त्यांनी तो मोबाईल सरपंचांच्याच हातात दिला. उदारामांनी बंद केला, लोकांचे फोन जुळले. चालू करून पुन्हा जोडायला लावलं, तर अडले. त्यांच्या हातात अंगारा नव्हता.



महाराजांचं गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, हे सरपंचांनी दरडावल्यावर त्यांनीच कबूल केलं. गुरुजींनी थकल्या आवाजात विचारलं, "इतकं येते, त दुकान काऊन बंद केलं?"

"दुकानात लोक भाव करतात, गुरुजी," भोजराज म्हणाला. "हरेक गोष्ट विचारतात. इथं कोणी काहीच विचारत नाही."

सरपंचांनी बोलावलेले पोलीस त्याला घेऊन गेले. चमेलीबाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. त्यांची माफी कोणी मागितली नाही. एका बाईनं फक्त शिंगाडे घेतले आणि भाव केला नाही.

जाताना गुरुजी एवढंच बोलले, "शिंगाडे घेताना जेवढे प्रश्न विचारता, तेवढे बाबालेबी विचारत जा. आन् कोण्या बाईले घराबाहेर काढाच्या आधी त नक्कीच विचारा."

काहींनी माना डोलावल्या. गुरुजी शाळेकडे निघाले.