एव्हर्टचा हितसंबंध

सहा तासांचा दिवस मिळवायला एव्हर्ट श्योलिन वर्षानुवर्षं भांडला, आणि ज्या सोमवारी तो मिळाला त्याच सोमवारी आपण स्वतःच्या हाताने स्वतःचं दिवाळं काढलंय हे त्याच्या ध्यानात आलं.

लिंडेफोर्शच्या शिड्यांच्या कारखान्यात एव्हर्ट कामगारांचा प्रतिनिधी होता. आयुष्यभर शिड्या बनवूनही वर चढायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. फोरमन झाला नाही, आणि कुणाचा नवराही झाला नाही. त्याची सगळी हौस नियमांत. दुसरी माणसं बोरं वेचायला रानात शिरतात तसा तो करारात शिरायचा आणि भरल्या टोपलीने बाहेर यायचा. "माणसाला कामाबाहेर आयुष्य असतं," असं तो प्रत्येक सभेत ठणकावून सांगे. त्याचं स्वतःचं कामाबाहेरचं आयुष्य म्हणजे दोन खोल्या, एक रेडिओ आणि खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी. पण तो तपशील भाषणात बसत नसे.

व्यवस्थापिका कमिला ग्योटेबोर्गहून आलेली, त्याच्या मुलीच्या वयाची, म्हणजे मुलगी असती तर. तिने सभेत हिशेब मांडला: सकाळी सहा ते बारा एक पाळी, बारा ते संध्याकाळी सहा दुसरी. पगार पुरा. यंत्रं जास्त वेळ चालतील, माणसं कमी दमतील. फक्त साडेनऊची आणि अडीचची कॉफीची सुट्टी बंद. यावर एव्हर्ट चवताळून उठेल असं धरून ती चार उत्तरं तयार करून आली होती. पण विजय डोळ्यांसमोर दिसला की भल्याभल्यांची जीभ सुटते. एव्हर्ट उभा राहिला आणि म्हणाला, "सहा तासांत कॉफी हवी कशाला? आम्ही कॉफी आमच्या घरी पिऊ."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत सिग्ने तेवढी विणत बसली होती. तिने सुया थांबवल्या नाहीत.

सिग्ने तयार शिड्या तपासायची. विधवा, एव्हर्टहून दोनेक वर्षांनी लहान, बोलणं कमी. रोज साडेनऊला ती खिडकीजवळच्या टेबलाशी वेलचीचे पाव आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसायची आणि म्हणायची, "एव्हर्ट, अक्षरं बारीक आहेत रे, वाचून दाखव." तो वाचून दाखवायचा, ती उत्तर सांगायची, तो चौकटीत भरायचा. अडीचला उरलेलं कोडं. असं किती वर्षं चाललं होतं याची दोघांनी कधी बेरीज केली नव्हती. कामाबाहेर ते एकमेकांना भेटले नव्हते. भेटायचं काही कारण पडलं नव्हतं.

टाळ्या ओसरल्यावर एव्हर्टच्या ध्यानात आलं: साडेनऊ गेले, आणि अडीचही.

आता निदान दोघांची पाळी एक तरी असावी. मग दिवसातून एकदा तरी शिड्यांच्या फटीतून ती दिसेल. पण "तू कोणती पाळी घेणार?" हा प्रश्न एका बाईला विचारायचा म्हणजे तो खासगी झाला. म्हणून एव्हर्टने सगळ्या कारखान्याला विचारायचं ठरवलं. कागद लावलेली पाटी हातात घेऊन तो वेल्डिंगपासून रंगकामापर्यंत फिरला, ज्यांच्या उत्तराशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं त्यांचीही उत्तरं लिहून घेतली आणि मग सहज आल्यासारखा सिग्नेपाशी थांबला.

"कोणतीही चालेल," सिग्ने म्हणाली. मग शिडीच्या पायरीवरून बोट फिरवत तिने विचारलं, "तू कोणती घेतोयस?"

देवाने संधी ताटात वाढून दिली होती. एव्हर्टने घसा साफ केला.

"प्रतिनिधीने आधी सांगणं बरं दिसत नाही. लोकांवर दडपण येतं."

"असं," सिग्ने म्हणाली, आणि पुढची शिडी ओढली.

तिने लिहून दिलं, कोणतीही. त्याने लिहून दिलं, गरज असेल ती. संगणकाला भावना नसतात. त्याने एव्हर्टला सकाळी टाकलं आणि सिग्नेला दुपारी. मे महिन्यापासून एव्हर्ट बाराला बाहेर पडायचा तेव्हा सिग्ने आत शिरायची. "बरंय?" "बरंय." एवढंच व्हायचं. उरलेल्या दिवसात कामाबाहेरचं आयुष्य एव्हर्टच्या अंगावर यायचं. त्याने खिडक्या दोनदा धुतल्या. एकट्याने कोडं सोडवून पाहिलं आणि नदीच्या नावाशीच अडकला.

फिनलंडहून आलेल्या पेकाने जूनमध्ये सकाळची पाळी सोडली. सकाळी मासे चांगले लागतात, हे त्याचं कारण. सकाळची एक जागा रिकामी झाली. तिच्यासाठी दोन अर्ज आले. एक केनेटचा, तो मालाच्या गाड्या चालवायचा आणि एव्हर्टच्या गैरहजेरीत उपप्रतिनिधी म्हणून बसायचा. दुसरा सिग्नेचा.

केनेटने कारण पानभर लिहिलं होतं. सिग्नेने एकच शब्द: खासगी.

त्या शब्दाने एव्हर्टची झोप उडवली. सकाळच्या पाळीत असं आहे तरी कोण? त्याने एकेक पुरुष डोळ्यांपुढून नेला. वेल्डर हान्स-ओवेपाशी तो अडखळला. नुकताच घटस्फोट झालेला, आणि वर मोटारबोट. सकाळच्या पाळीत आपणही आहोत, हे मात्र त्याला सुचलं नाही.

जागा ठरवायच्या बैठकीआधी केनेटने त्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"तू माझ्या बाजूचा ना?"

"मी नियमाच्या बाजूचा."

"नियम माझ्याच बाजूचा आहे की. तीन पोरं आहेत मला. पाळणाघर पाचला बंद होतं आणि मी सहाला सुटतो. तिथली बाई हल्ली माझ्याकडे मी पोरं विकायला ठेवल्यासारखी बघते."

"लहान मुलं असणाऱ्याला प्राधान्य. मीच घातलंय ते कलम."

"मग चेहरा असा का? दात दुखतोय का?"

एव्हर्ट वर निघाला. नियमाने केनेटला जागा मिळणार हे त्याला कळत होतं. पण बैठकीत मतं दोनच, कमिलाचं एक आणि त्याचं एक, आणि दोघांचं जुळेपर्यंत जागा रिकामी राहणार. आपलं मत राखून ठेवलं, की केनेट लटकला. चार आठवडे घोळ घातला, तर सिग्नेलाही तिथे लावता येईल. असले घोळ कसे घालतात ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जिन्यात तो दोनदा थांबला.

कमिलाने संगणक उघडला. "पहिला विषय, सकाळची जागा. एव्हर्ट, सुरू करू?"

"थांब." तो उभा राहिला. "या विषयात माझा हितसंबंध आहे. मला बाहेर जावं लागेल."

हा नियमही त्याचाच. पूर्वीच्या एका साहेबाने आपला भाचा चिकटवला तेव्हा एव्हर्टने तो आणला होता: ज्याचा हितसंबंध असेल त्याने तो सांगावा, बाहेर जावं, आणि कारण इतिवृत्तात लिहिलं जावं.

"केनेट तुझा कुणी लागतो?" कमिलाने विचारलं.

"केनेट नाही."

"सिग्ने? बहीण वगैरे?"

"नाही."

"मग नातं काय?"

"नातं अजून नाही," एव्हर्ट म्हणाला. "मला हवंय."

कमिलाची बोटं कळफलकावर थांबली. कॉलेजात तिला वाटाघाटी शिकवल्या होत्या, पण त्यांत हे नव्हतं.

"तू बाहेर गेलास तर कामगारांच्या बाजूने कुणीच उरत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "केनेट स्वतः अर्जदार. म्हणजे मी एकटीच ठरवणार. चालेल तुला?"

कंपनीला एकटीला आजवर त्याने पडद्याचा रंगसुद्धा ठरवू दिला नव्हता. "चालवून घ्यावं लागेल."

"बरं. आणि कारण म्हणून मी लिहू काय? प्रेम लिहू की जिव्हाळा?"

एव्हर्टने विचार केला. "जो शब्द कमी वादग्रस्त असेल तो."

बाहेर केनेट बाकावर पाय हलवत बसला होता. "एवढ्यात? मिळाली मला?"

"मला माहीत नाही. मी बाहेर पडलो."

"का?"

"मी सिग्नेच्या बाजूला झुकतो म्हणून."

बस चुकवून उभ्या राहिलेल्या शहाण्यासुरत्या माणसाकडे बघावं तसं केनेटने त्याच्याकडे पाहिलं. "एव्हर्ट, ते पेकालासुद्धा माहीत आहे. आणि पेका कुणाशी बोलत नाही."

"काय माहीत आहे?"

"अरे, ती बाई अॅल्युमिनियममधली केसाएवढी चीर हातभर लांबून ओळखते. तिला वर्तमानपत्रातली अक्षरं बारीक वाटतात होय?"

एव्हर्ट त्याच्या शेजारी बसला. कमिला बाहेर आली, जागा केनेटला मिळाल्याचं तिने सांगितलं, केनेट त्याची पाठ थोपटून गेला, तरी तो बसूनच.

इतिवृत्त फळ्यावर लावायचं हाही नियम कुणाचा ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी बाराला एव्हर्ट खाली उतरला तेव्हा फळ्यापुढे निम्मा कारखाना उभा होता. इतिवृत्ताकडे कुणीही पाहत नव्हतं. सगळे शेजारच्या बसच्या वेळापत्रकात बुडून गेले होते, ज्यांच्याकडे स्वतःच्या गाड्या होत्या तेसुद्धा. हान्स-ओवे तर रविवारच्या बसवर बोट ठेवून होता.

सिग्ने आली. ती गर्दीमागेच थांबली आणि चार माणसांच्या खांद्यांवरून तिने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा तिच्या खिशातच राहिला.

"एव्हर्ट, यात चूक आहे."

"कुठे?"

"प्रतिनिधीला अर्जदाराबद्दल जिव्हाळा, असं लिहिलंय. एकाच बाजूचं झालं हे."

बसच्या वेळापत्रकापुढे कुणी श्वास घेईना.

"दुरुस्ती असेल तर ती पुढच्या बैठकीत मांडावी लागते," एव्हर्टच्या तोंडून गेलं. तोंडाला सवय होती, त्याचा इलाज नव्हता.

"कधी आहे पुढची?"

"सप्टेंबरात. मध्ये उन्हाळ्याची सुट्टी आली."

"सप्टेंबरपर्यंत मी थांबायची नाही," सिग्ने म्हणाली. "शनिवारी मी घरी असते. रविवारीही असते. त्या दोन्ही दिवशी कारखाना बंद असतो, हे तू ऐकलं असशील."

एव्हर्टने ऐकलं होतं. शनिवार-रविवारच्या जादा कामाचे दर त्याला पाठ होते. त्या दिवसांना दुसरा काही उपयोग असेल याकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं.

"तुझा पत्ता मला माहीत नाही," तो म्हणाला.

"सदस्यांच्या यादीत आहे. यादी तुझ्याच कपाटात आहे."

"ती खासगी कामासाठी वापरता येत नाही."

कुणीतरी खोकलं. बहुधा केनेट. सिग्नेने एव्हर्टच्या वरच्या खिशातलं पेन काढलं, त्याचा डावा हात ओढून तळवा उघडला आणि त्यावर ठळक अक्षरांत रस्ता, घर आणि मजला लिहिला. पेन परत खिशात खोचलं. मग दुपारच्या पाळीची घंटा झाली आणि ती कामावर गेली.

एव्हर्ट सायकलवर बसला. शाई ओली होती, मूठ आवळायची सोय नव्हती. तो एका हाताने सायकल हाकत, डावा हात वाऱ्यावर लांब धरून घराकडे निघाला. मागे लाकडांनी भरलेला ट्रक होता. हा आता डावीकडे वळेल, मग वळेल, म्हणून ट्रकवाला गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सभ्यपणे त्याच्या मागून सावकाश येत राहिला.