राखेतले रोडगे

धर्मेंद्रने काडीने राख बाजूला सारली, आतला भाजलेला कणकेचा रोडगा उचलला आणि हात पोळताच तो या तळव्यावरून त्या तळव्यावर नाचवत ओरडला, "पाहा रे, थेट आफ्रिकेतून आला! ज्वालामुखीतला माल हाय, गरमागरम!"

बुधाजी मांडीवर थाप मारून हसला. डोमाजीला हसता हसता ठसका लागला आणि त्याच्या पाठीवर चापट्या मारत बुधाजी पुन्हा नव्याने हसला. साठीला टेकलेली तीन माणसं, चांदूर बाजारजवळच्या बुधाजीच्या संत्राबागेत, जळत्या गोवऱ्यांभोवती बसून पोरांसारखी फिदीफिदी करत होती.

मंजुषा दोन हात अंतरावर पाटावर बसली होती. धर्मेंद्र टाकील तो रोडगा फडक्याने पुसायचा, फोडायचा आणि तुपात बुडवून परातीत ठेवायचा, हे तिचं काम. हा रोडगाही तिने पुसला. तिला हसू आलं नाही. हाच विनोद तिने सकाळपासून चौथ्यांदा ऐकला होता आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हाही त्यात हसण्यासारखं काय आहे ते तिला कळलं नव्हतं.

मंगळवारी ती आणि धर्मेंद्र मुंबईच्या विमानतळावर होते. दुबईमार्गे जर्मनीला निघाले होते, लेकीकडे. आकांक्षाचं पहिलंच बाळंतपण. सासू नाही, जावई अमोल कामाच्या पाळ्यांत अडकलेला, म्हणजे आईनेच जायला हवं होतं. मंजुषाने डिंकाचे लाडू बांधले होते, बाळंतशेप भाजून बरणीत भरली होती, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली होती. आणि आफ्रिकेत कुठेतरी ज्वालामुखी फुटला. त्याची राख समुद्र ओलांडून आभाळात पसरली, विमानं जागच्या जागी थांबली. फळ्यावर त्यांच्या विमानापुढे 'रद्द' अशी लाल अक्षरं आली. दोघं रेल्वेने अमरावतीला, राजापेठेतल्या घरी परत आले.

आता माणूस मुकाट्याने परत आला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण धर्मेंद्र मुकाट्याने गेलाच कुठे होता! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याच्या आयुष्यात घडलेली ही पहिलीच मोठी गोष्ट. फिरायला जाणाऱ्या मंडळींनी त्याला शाल-श्रीफळ दिलं. डोमाजीने चौकात फ्लेक्स लावला, त्यावर काळा गॉगल घातलेला धर्मेंद्र आणि खाली 'विदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. निघताना शेजारणींनी दोघांच्या हातावर दही घातलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ऑटोतून उतरले तेव्हा फ्लेक्सवरचा धर्मेंद्र चौकातून त्यांच्याकडेच पाहत होता.

"ज्वालामुखी फुटला आफ्रिकेत, अन् धर्मेंद्र अडकला राजापेठेत," डोमाजीने त्याच दिवशी जुळवलं आणि ते साऱ्या गल्लीत पसरलं. लोक हसणारच, तेव्हा आपणच आधी हसलेलं बरं, हे शहाणपण धर्मेंद्रला पहिल्यापासून होतं. त्याने हसायला सुरुवात केली ती थांबेचना. कुणी म्हणे ती राख भांडी घासायला आणायची होती. कुणी म्हणे राखुंडी करून विकली असती तर धर्मेंद्रचे उरलेले दात तरी वाचले असते. बुधाजी म्हणाला, राख थोडी पुढे सरकून त्याच्या वांग्यांवर पडली असती तर मावा कीड गेली असती. आणि मग त्यालाच सुचलं, राखेने अडवलं ना, तर राखेतलेच रोडगे खाऊ. शनिवारी माझ्या बागेत या.

कुणाचं घर जळतं आणि कुणी त्यावर विडी पेटवतो, म्हणतात. इथे तर ज्याचं घर तोच विडी पेटवत होता.

"वहिनी, तुमी त खूप घाबरल्या होत्या म्हणे?" डोमाजीने डोळे पुसत विचारलं.

"अरे घाबरली म्हणजे!" उत्तर धर्मेंद्रनेच दिलं. त्याने नाक चिमटीत धरून बारीक आवाज काढला. "अहो, मी नाई बसत त्या इमानात! अहो, खाली पडलं तं! असा माहा हात धरून बसली होती. आंगठीचा वण उठला लेका. वर्ते पाटी लागली ना रद्दची, तेव्हा इचा जीव भांड्यात पडला."

पुन्हा हशा. मंजुषाने रोडगा जरा जोरात फोडला. वाफ बोटांना लागली.

त्या दिवशी हात कुणी कुणाचा धरला होता, हे तिला ठाऊक होतं. विमानतळावर धर्मेंद्र पुन्हा पुन्हा संडासात जाऊन आला होता. नोव्हेंबरात त्याची बनियन घामाने चिंब झाली होती. विमान रद्द झाल्याचं कळलं तेव्हा त्याने काउंटरवरच्या मुलीला दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग सकाळपासून पाणीही न प्यालेल्या या माणसाने उभ्या उभ्या दोन प्लेट वडे खाल्ले. तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. माणसाला भीती वाटते, त्यात काय. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपल्या माणसाची मूठ आपण कशाला उघडायची? मित्रांपुढे त्याने ती भीती तिच्या नावावर घातली तेव्हाही ती गप्प बसली. हसून घेऊ दे, दोन दिवसांत विसरतील, असं तिला वाटलं होतं. पण ते विसरले नाहीत. रोज त्यात एकेक नवी भर पडू लागली. काल ती रडली होती, आज तिने त्याच्या हातावर वण उठवला होता. उद्या बहुधा बेशुद्ध पडणार होती.

तिला या हसण्याचा वीट आला होता. तुपाने माखलेल्या मिशा, उघडी तोंडं आणि सारखं राख, राख, राख.

"पोरीचं कसं काय हाय वं?" चुलीवरची वांग्याची भाजी हलवत कौशल्याने विचारलं. ती बुधाजीची बायको, बोलायला फटकळ, पण या सबंध बागेत आकांक्षाचं नाव काढणारी तेवढी एकच.

"बीपी वाढला म्हणे. पायाले सूज हाय. बुधवारी दवाखान्यात भरती करतो म्हणते डॉक्टर."

"मंग?"

"मंग काय. काल फोनवर म्हणे, आई, तू येशील ना बुधवारच्या आत?"

"काय सांगतलं तू?"

मंजुषाने पुढचा रोडगा फडक्यात घेतला. काय सांगणार होती? परत आल्यापासून धर्मेंद्र एकच सांगत होता. सीटाच नाहीत. सारं जग अडकलंय, कंपनीवाले म्हणतात दहा-बारा दिवस लागतील. रोज सकाळी तो अंगणात जाऊन फोनवर बोलायचा आणि आत येऊन दोन्ही हात पसरायचा. देवापुढे कोणाचं काय चालतं, म्हणायचा. मग चप्पल घालून मित्रांकडे.

"बाईमाणसाचं बाळंतपण का राखेसाठी थांबते?" कौशल्या म्हणाली. "आन् हे पाह्य, कसे खिदळून राहिले."

तेवढ्यात मंजुषाचा फोन वाजला. अकोल्याचा देवीदास होता, तिचा मामेभाऊ. बाहेरदेशीची तिकिटं काढून द्यायचं त्याचं काम, यांचीही त्यानेच काढली होती. हात पुसून ती उठली आणि विहिरीकडच्या झाडांत गेली. झाडांवर संत्री पिवळी होऊन लटकली होती, खाली गळलेली कुजत होती.

"मंजूताई, बरी हाय ना तू?" देवीदासने विचारलं. "जेवते-खाते ना बराबर?"

"मले काय झालं?"

"नाई, म्हटलं विचाराव. इतलं भेव बरं नाई ताई. लोकं रोज बसतात इमानात. म्हाताऱ्या-कोताऱ्या बसतात. मी सवता तुह्यासंगं मुंबईपर्यंत येतो, पाह्यजे तं."

"भेव? कोणाले?"

"तुलेच. भाऊजीनं सांगतलं ना. तू रात्रभर झोपत नाई, इमानाचं नाव काढलं का रडते. म्हणूनच तं गुरुवारी मी दोन सीटा धरल्या होत्या, उद्याच्या, त्या सोडाले लावल्या त्याईनं. म्हणे पंधरा दिवसांनी पाहू, तवरिक इचं मन थाऱ्यावर येईन."

झाडामागून धर्मेंद्रचा तोच बारीक आवाज ऐकू आला, नाक चिमटीत धरलेला, आणि त्यापाठोपाठ तिघांचं हसणं.

"ताई? हाय ना?"

"हाय."

तिला किळस आली, पण ती त्याच्या भीतीची नव्हती. तो सरळ म्हणाला असता, मंजे, माझे पाय लटपटतात, तर तिने त्याचा हात धरून त्याला जर्मनीपर्यंत नेला असता, आणि जन्मात कुणापुढे अवाक्षर काढलं नसतं. पण त्याने स्वतःची भीती तिच्या अंगावर चढवली, गल्लीभर तिची वरात काढली, आणि तिकडे लेक सुजल्या पायांनी वाट पाहत असताना मंजुषाच्याच नावावर तिचं जाणं मोडलं. आणि मोडून रोडगे खायला आला! तेहतीस वर्षं या माणसाच्या शर्टांच्या कॉलर घासल्या आपण, तिच्या मनात आलं, आणि तिला फडक्याला लागलेल्या तुपाचासुद्धा वास सोसेना. तिने ते झाडाच्या बुंध्याशी फेकून दिलं.

"देवीदास, उद्याची एखादी सीट हाय का अजून?"

"पाहा लागते. थांब." पलीकडे बोटं चालल्याचा आवाज आला. "एक हाय. एकच. उद्या दुपारी नागपूरहून, मंग मुंबई, मंग पुढचं. सोमवारी पोहचते. पण एकच हाय ताई."

"माह्या नावानं कर."

"भाऊजीले विचारू?"

"तिकीट माहं, पासपोर्ट माहा. त्याईले कायले विचारतं?"

"एकटी जाशीन? दुबईत बदलाव लागते."

"अकोल्याच्या मोठ्या स्टँडवर गाडी बदलता येते मले. तसंच अशीन काई. कर तू."

ती परत आली तेव्हा पंगत बसली होती. केळीच्या पानांवर वांग्याची भाजी, कच्चा कांदा आणि फोडलेले रोडगे. कौशल्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता तुपाचं भांडं तिच्या हाती दिलं.

"ये, ये," धर्मेंद्र म्हणाला. "वाढ इकडे. हात आखडू नको, आज राखेचा सण हाय."

मंजुषाने आधी बुधाजीला वाढलं, मग डोमाजीला.

"कोणाचा फोन होता वहिनी?" डोमाजीने विचारलं. "इमानवाल्याचा काय? राख खाली बसली का?"

"बसली," ती म्हणाली. "उद्या मी जाऊन राहिली. एकटी."

असा हशा उसळला की पलीकडच्या झाडावरचे पोपट उडाले. सकाळपासूनच्या सगळ्या विनोदांत हा त्यांना सरस वाटला. बुधाजीने घास खाली ठेवला. डोमाजी तर आडवाच झाला.

"अरे बाप रे! वहिनी, तुमीबी शिकल्या होय!" बुधाजी म्हणाला. "आन् वर्ते गेल्यावर भेव वाटलं तं?"

मंजुषाने धर्मेंद्रकडे पाहिलं. तोही हसायला लागला होता, सवयीने, सगळ्यांच्या जोडीने. मग त्याची नजर तिच्या नजरेला भिडली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं, आवाज मात्र बंद झाला.

"वाटलं तं कोणाचा हात धराव, ते पाहीन मी," ती म्हणाली. "गुरुवारीच धरल्या होत्या म्हणे देवीदासनं दोन सीटा."

"घ्या! सीट अन् हात एकाच दुकानात!" डोमाजी हसता हसता म्हणाला. बुधाजीने त्याला टाळी दिली. दोघांनाही काही कळलं नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

कौशल्याने मात्र चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पाणी मारून विझवलं आणि सांगितलं, "अमरावतीची गाडी चार वाजता हाय फाट्यावर. मी येतो संगं. जेवून घे आदी."

"बॅग भरेलच हाय," मंजुषा म्हणाली. "खोललीच नव्हती."

ती धर्मेंद्रच्या पानापाशी आली आणि तुपाचं भांडं घेऊन वाकली. त्याने वर पाहिलं नाही. तिने भांडं कलतं केलं तेव्हा त्याने पानावर आडवा हात धरला.