गाडी फिरवून घेतो

राजानंदने मागचं डावं दार उघडलं आणि दाराला हात लावून तो अदबीनं उभा राहिला. संध्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मी काय कलेक्टर हाय का?" ती म्हणाली. "पुढं बसते मी."

तो ओशाळला. एकतीस वर्षं सरकारी खात्यात जीप चालवलेली. मागचं डावं दार साहेबाचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. शेजारच्या सीटवर शिपाई बसायचा, नाहीतर साहेबाचा डबा. बायको त्या जीपमध्ये एकदाही बसली नव्हती. सरकारी गाडीत घरचं माणूस घ्यायचं नाही हा नियम बाकीच्या ड्रायव्हरांनी सोयीनं पाळला, राजानंदने तंतोतंत पाळला. मुलीच्या, प्रीतीच्या वेळी संध्याला कळा सुरू झाल्या तेव्हा दारात जीप उभी होती, आणि हा गृहस्थ रिक्षा शोधत चौकापर्यंत पळत गेला होता. या गोष्टीचा त्याला पुढे कैक वर्षं अभिमान होता. आता नव्हता.

आजची गाडी भाड्याची होती. जालन्यात अंकित म्हणून एक मारवाडी तरुण आहे, तो ड्रायव्हरशिवाय गाड्या भाड्यानं देतो. चावी देताना त्यानं बजावलं होतं, "काका, कच्च्या रस्त्याला बिलकुल घालायची न्हाई हां. खालून घासली की आम्हाला बराबर समजतं. चालले कुठं?"

"राजूरला. गणपतीला," राजानंदने ठोकून दिलं होतं.

गाडी जालन्याच्या बाहेर पडल्यावर त्यानं ते संध्याला सांगितलं. ती पोट धरून हसली. "तुम्ही आन् गणपतीला? बाबासाहेबांच्या जयंतीच्या कमिटीवर वीस साल काढले तुम्ही. विहारात कोणी ऐकलं तर काय म्हणंल?"

हसता हसता तिला धाप लागली. त्यानं गाडी हळू केली आणि ती बरी होईपर्यंत तशीच हळू ठेवली.

सोमवारी तिचं डायलिसिस झालं होतं, गुरुवारी पुन्हा होतं. मधला मंगळवार त्यातल्या त्यात बरा जायचा. सुई टोचायला हातात धड नस उरली नव्हती. दिवाळी निघेल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी प्रीतीला बाजूला घेऊन सांगितलं, प्रीतीनं बापाला सांगितलं, आणि संध्याने दोघांची तोंडं बघून ओळखलं. त्याच आठवड्यात मशीनवर पडल्या पडल्या ती म्हणाली होती, "ते धावड्याच्या पुढचं मला दाखवता का? तुम्ही सांगायचे ते. सोबत जाऊन पाहू. एकदाच."

धावड्याच्या पुढे कच्च्या रस्त्यानं बराच वेळ चढत गेलं की अजिंठ्याचा डोंगर एकाएकी तुटतो आणि खाली शेजारच्या जिल्ह्याचा मुलूख उघडा पडतो. नवा साहेब आला की त्याला तो कडा दाखवायचा, हा ऑफिसातला रिवाजच होता, आणि न्यायचं काम राजानंदचं. त्या दिवशी रात्री जेवताना तो संध्याला सगळं सांगायचा. डाव्या अंगाला ताटाएवढं तळं, दोऱ्यासारखा रस्ता, तांदूळ सांडावेत तशी मेंढरं. ती भाकरी थापता थापता ऐकायची. इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं तो विसरला तर तीच आठवण करून द्यायची.

भोकरदन मागे पडलं, धावडा आलं, आणि डांबर संपलं. पावसानं मुरूम वाहून गेला होता, मधे खोल चर पडले होते. दोन्ही बाजूंना तेरडा फुललेला, डोंगर हिरवेगार, आणि एका वळणावर ओढा सरळ रस्त्यावरून वाहत होता. गाडी बुटकी. राजानंद पहिल्या गिअरमध्ये, एक चाक चराच्या काठावर आणि एक मधल्या उंचवट्यावर ठेवून, अंड्यांची टोपली न्यावी तशी ती चढवत होता. संध्या बाहेर बघायची सोडून त्याच्या हातांकडे बघत होती. नवऱ्याला चारचाकी चालवताना ती आयुष्यात पहिल्यांदा शेजारी बसून पाहत होती.

"लई चांगली चालवता हो तुम्ही," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत कुठल्या साहेबानं हे म्हटलं नव्हतं. राजानंदला इतका आनंद झाला की पुढचा चर त्यानं दुप्पट जपून ओलांडला.

वर मोकळं पठार होतं. त्यानं गाडी थांबवली, तिला हाताला धरून उतरवलं. कडा पन्नास पावलांवर होता. आकाश स्वच्छ होतं.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी गाडी फिरवून घेतो."

हे वाक्य त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. साहेब उतरला की ड्रायव्हरनं गाडी फिरवायची, तिचं तोंड परतीच्या वाटेला करायचं, चाकाखाली दगड लावायचा, काच पुसायची, टायर ठोकून बघायचे. साहेब वळला की त्याला गाडी तयार दिसली पाहिजे. त्यात ही गाडी दुसऱ्याची आणि खोटं बोलून आणलेली. राजानंद जमिनीवर आडवा होऊन खाली घासलंय का ते बघू लागला. एके ठिकाणी घासलं होतं. तो फडक्यानं तिथली माती पुसत बसला.

"अहो, या ना," संध्याची हाक आली.

"आलो, आलो."

तो हात झटकत कड्याकडे निघाला तेव्हा खालून ढग वर येत होते. तो पोचेपर्यंत त्यांनी सगळं झाकून टाकलं. समोर नुसतं पांढरं होतं. संध्या एका दगडावर बसली होती आणि तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी टवटवीत दिसत होता.

"पाह्यलं?" त्यानं विचारलं.

"पाह्यलं. पण तुमचं तळं डाव्या अंगाला न्हाई हो. पार उजवीकडं हाय."

"हां, उजवीकडंच. मी डावीकडं म्हणत आल्तो का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तीस-पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोसमोर माणसाचा चेहरा काही झाकत नाही.

"तुम्ही कधी पाह्यलंच न्हाई?"

राजानंद खाली बघू लागला. "साहेब लोक पाह्यचे. वापस जाताना गाडीत बोलायचे, ते ऐकायचो मी. ते इथं उभे असायचे तवा मी तिकडं गाडी फिरवून राह्यलो असायचो." मग खात्याची चौकशी लागल्यासारखा घाईनं म्हणाला, "पण मी पाह्यलं असं कधी म्हणलो न्हाई तुला."

"न्हाई म्हणले. मी बी कधी इचारलं न्हाई." तिचे डोळे भरून आले. "पण आज? आज कोणता साहेब होता हो सोबत?"

तो तिच्याजवळ दगडावर बसला आणि रडला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुईच्या जागी काळानिळा पडलेला तो हात बराच वेळ तिथंच होता.

ढग जातील म्हणून ते थांबले. अर्धा तास गेला, पाऊण गेला. गार वारं सुटलं. संध्याचे पाय सुजून चपलेत मावेनात. तिला कापरं भरल्यावर मात्र तो उठला.

"चल. पुन्हा येऊ," तो म्हणाला.

"येऊ," ती म्हणाली. हे बोलताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

उतार चढाहून वाईट होता. राजानंदची नजर रस्त्यावरून हलणं शक्य नव्हतं. पहिल्या वळणानंतर संध्यानं सुरुवात केली.

"ऐका. तळं ताटाएवढं न्हाई, चांगलं तव्याएवढं हाय. काळंच दिसतंय. त्याच्या बाजूला पत्र्याचं घर. वर कोणीतरी लाल लाल वाळत घातलं होतं, मिरच्या असतील. एक एष्टी चालली होती, पण आवाज काहीच न्हाई."

"मेंढरं?"

"मेंढरं न्हाई दिसली. बैल दिसले, दोन. एक बसलेला."

"तळ्याच्या पल्याड काय हाय?"

"पल्याड नदी. बारीक हाय, पण चमकते. आन् तिच्या काठानं..."

तो वाट बघत राहिला. चर ओलांडल्यावर त्यानं क्षणभर शेजारी पाहिलं. तिचं डोकं काचेला टेकलं होतं, श्वास संथ चालला होता. त्यानं गाडी अजून हळू केली. राहिलेलं घरी गेल्यावर विचारू, असं त्याला वाटलं. घरी गेल्यावर तिला ताप भरला, मग दवाखाना झाला, मग ते विचारायचं राहून गेलं. दिवाळीच्या नऊ दिवस आधी संध्या गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले. प्रीती शाळेतून चार दिवसांची रजा काढून बापाजवळ थांबली होती. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, मी गाडी सांगते. चला, आईनं पाहिलेलं ते आपणही बघून येऊ. आता आभाळही मोकळं आहे."

"नको," राजानंद म्हणाला. "मला ठावं हाय ते."

"कसं आहे?"

मग त्यानं तिला सांगितलं. काळं, तव्याएवढं तळं, उजव्या अंगाला. पत्र्याचं घर आणि वर वाळत घातलेल्या मिरच्या. आवाज न करता जाणारी एष्टी. बसलेला बैल आणि उभा बैल. पल्याडची बारीक, चमकणारी नदी. तो सावकाश, एकेक गोष्ट नीट जागच्या जागी ठेवत सांगत होता, आणि प्रीती हनुवटी गुडघ्यांवर टेकून ऐकत होती.

"आणि नदीच्या काठानं?" तिनं विचारलं.

"तिथं तिला झोप लागली," राजानंद म्हणाला.