गुरम्माचा कौल

आमचे अप्पा देवाला विचारल्याशिवाय वांगीसुद्धा घेत नसत. उदगीरजवळच्या आमच्या गावात किराणा दुकान चालवणारे माझे वडील माणिकप्पा म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण स्वतःहून काही ठरवणं त्यांना जमायचं नाही. सकाळी पूजेला बसले की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, ओल्या विभूतीनं त्याला ज्वारीचे दोन दाणे चिकटवायचे आणि वाट बघायचे. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. आमच्या मठातल्या जंगमस्वामींनी दोनदा टोकलं, "माणिकप्पा, ही पूजा हाय का सोंगट्यांचा डाव?" अप्पा हसून पाया पडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाणे.

गुळाची ढेप कुठली घ्यायची, पाहुण्याकडं कुठल्या वारी जायचं, सगळं दाण्यांवर. मला त्याचं हसू यायचं. माझी पाळी आली तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठं पळालं.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्यात दवाखाने वाढणार म्हणून नर्सच्या ट्रेनिंगला मुली घेणार होते. मी अर्ज केला आणि सोमवारी अकरा वाजता मुलाखतीला या, असं पत्र आलं. दोन वर्षं लातुरात वसतिगृहात राहायचं होतं. ही संधी हुकली तर पुढच्या वर्षी मी लग्न होऊन कुणाच्या तरी घरी भाकरी थापत असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आई, म्हणजे आमची अव्वा, म्हणाली, "जाऊ द्या की गुरम्माला." अप्पा म्हणाले, "इचारतो."

साल दुष्काळाचं. विहिरीनं तळ गाठलेला, दोन घागरींसाठी पहाटेपासून रांग. अप्पांनी देवाचं पाणीही चमच्यावर आणलं होतं. तेवढ्यात दाणे धरतात कुठले! शुक्रवारी दोन्ही एकदम घरंगळले. शनिवारीही तेच.

"देव बोलून न्हाई राहिला," अप्पा म्हणाले.

"पाणी न्हाई म्हणून पडतेत ते," मी म्हणाले. अव्वानं डोळे वटारले.

रविवारी मी डोकं धुवायला राखलेलं तांब्याभर पाणी पूजेपुढं आणून ठेवलं. केस चिकट तर चिकट, कौल तर लागू दे. अप्पांनी लिंगाला मनसोक्त न्हाऊ घातलं, विभूती दाट कालवली आणि दाणे असे बसवले की ते पडायचं नावच घेईनात. दुकान उघडायची वेळ टळून गेली. दारात गिऱ्हाईक खोळंबलं, तरी दाणे जागेवर.

"उद्याच्याला बघू," अप्पा म्हणाले.

"उद्या सहाची एसटी हाय, अप्पा."

"मग देवाच्या मनात न्हाई म्हणायचं."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. राग देवाचा नव्हता, अप्पांचा होता. रडता रडता हात गळ्यापाशी गेला. आठव्या वर्षी स्वामींनी दीक्षा दिली तेव्हा माझ्याही गळ्यात इष्टलिंग बांधलं होतं. आम्हा लिंगायतांत मुलालाही असतं, मुलीलाही, आणि ज्याचं त्याचं वेगळं. मी रोज पूजा करत होते, पण त्याला काही विचारावं हे कधी सुचलंच नव्हतं. विचारायचं काम अप्पांचं, असंच धरून चालले होते.

"अप्पा, जायचं मला हाय. तुमच्या देवाला कशाला तरास देऊन राहिलात? माझा हाय की!"

मी त्यांच्या समोरच मांडी घातली, लिंग तळहातावर घेतलं आणि त्यावर नजर लावली. दाणे नाहीत, काही नाही. मनात म्हटलं, देवा, मला भीती वाटते. लातूरची वाटते, मुलाखतीची वाटते आणि अप्पांना सोडून जायची तर सगळ्यात जास्त वाटते. जाऊ का? बराच वेळ काहीच झालं नाही. मग छातीतली धडधड हळूहळू बसली आणि भीतीच्या तळाशी काय आहे ते स्वच्छ दिसलं. मला जायचं होतं. भीती होतीच, पण वाट अडवून उभी नव्हती. इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

"काय म्हणला?" अप्पांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं, चेष्टेनं नाही.

"जा म्हणाला."

एकाच्या देवानं दिलेला शब्द दुसऱ्यानं कसा खोडायचा? अप्पांना ते जमलं नाही. ते उठले, दुकानातून एक नवी पिशवी आणून माझ्या हातात दिली आणि सोमवारी माझ्याबरोबर एसटीत बसले.

मुलाखतीच्या खोलीत दोन साहेब आणि एक बाई होत्या. बाईंनी पुष्कळ विचारलं, मी धडाधड सांगितलं. शेवटी एक साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "उत्तरं चांगली दिलीस. पण मुली घ्यायच्या आणि घरच्यांनी महिन्याभरात परत न्यायच्या, असं नको. वडलांना विचारलंय का?"

मी तोंड उघडणार तोच दार ढकललं गेलं. बाहेर दाराशी ऐकत उभे असलेले अप्पा टोपी सावरत आत आले, मागून शिपाई त्यांचा सदरा ओढत होता.

"साहेब, तिनं तिच्या देवाला इचारलंय," अप्पा म्हणाले. "आता मला कशाला इचारायचं? तुमी नाव लिवा."

बाई हसल्या आणि त्यांनी माझं नाव लिहिलं.